अपघाताचे अन्वेषण आणि अहवाललेखन



कार्यालयीन पत्रव्यवहार आणि इतिवृत्त यांप्रमाणेच अपघाताचा अहवाल हाही व्यावहारिक मराठीचा एक लेखनप्रकार आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळा, रुग्णालय, कारखाना किंवा सहकारी संस्थेत नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. असा अहवाल लिहिण्याची वेळ आपल्यावर केव्हाही येऊ शकते. त्या वेळी आपण लिहिलेल्या चार ओळींवर जखमी व्यक्तीची नुकसानभरपाई, एखाद्याची नोकरी आणि उद्याच्या कामगाराची सुरक्षितता अवलंबून असते.

१. अन्वेषणाचा हेतू

चौकशी म्हटली की ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न प्रथम मनात येतो. अन्वेषणाचा प्रश्न मात्र ‘हे का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे?’ असा असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार विमान अपघाताच्या अन्वेषणाचा एकमेव उद्देश अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी निश्चित करणे हा नव्हे. शिक्षेची भीती असेल तर माणसे माहिती दडवतात आणि माहिती दडली की कारणही दडते, हे त्यामागील व्यवहारज्ञान आहे. शिस्तभंगाची कारवाई आवश्यक असल्यास ती स्वतंत्रपणे करावी.

२. कोणत्या घटना नोंदवाव्यात?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ ने, मृत्यू झाल्यास किंवा दुखापतीमुळे कामगार ४८ तास अथवा अधिक काळ काम करू न शकल्यास, अधिकाऱ्यांना सूचना देण्याचे बंधन कारखान्याच्या व्यवस्थापकावर घातले. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. जागरूक संस्था किरकोळ दुखापती आणि थोडक्यात टळलेले अपघातही नोंदवते. अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली, एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० दुखापतरहित घटना असतात, असे प्रमाण मांडले. पुढील अभ्यासकांनी या आकड्यांवर आक्षेप घेतले. तथापि लहान घटनांकडे दुर्लक्ष करू नये, हा त्यातील बोध महत्त्वाचा आहे.

३. अन्वेषणाच्या पायऱ्या

(अ) जखमी व्यक्तीला प्रथम वैद्यकीय मदत द्यावी आणि जागा सुरक्षित करावी.
(आ) बचावासाठी आवश्यक तेवढा बदल वगळता घटनास्थळ तसेच राखावे. छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत.
(इ) साक्षीदारांशी शक्य तितक्या लवकर आणि स्वतंत्रपणे बोलावे. ‘तुम्ही लक्ष का दिले नाही?’ असे न विचारता ‘तुम्ही काय पाहिले?’ असे विचारावे.
(ई) देखभाल नोंदवही, कामाचे वेळापत्रक, पूर्वीच्या तक्रारी ही कागदपत्रे तपासावीत.
(उ) कारणांचा शोध घ्यावा.

शेवटची पायरी एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आमटीचे पातेले नेताना मदतनीस बाई घसरल्या आणि त्यांचा पाय भाजला. त्या का घसरल्या? फरशी ओली होती. ओली का होती? नळ गळत होता. तो दुरुस्त का झाला नव्हता? तक्रार दोनदा तोंडी केली होती, पण तिची नोंद झाली नव्हती. नोंद का झाली नाही? दुरुस्तीच्या तक्रारींसाठी नोंदवहीच नव्हती आणि ते काम कोणाकडे सोपवलेलेही नव्हते. पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर ‘सावकाश चालावे’ एवढीच शिफारस हाती आली असती.

४. अहवालाची भाषा

पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

‘मदतनीस बाईंच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’

‘सकाळी ११.४० वाजता आमटीचे पातेले एकटीने नेत असताना मदतनीस बाई ओल्या फरशीवर घसरल्या.’

पहिले वाक्य हा निवाडा आहे, दुसरे निरीक्षण आहे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कारण सांगत असल्याचा भास निर्माण करतो आणि शोध तेथेच थांबवतो.

मराठीच्या वाक्यरचनेतील एक सोयही येथे धोक्याची ठरते. ‘नळाची दुरुस्ती राहून गेली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; पण दुरुस्ती कोणी करायची होती, हे त्यातून कळत नाही. ‘राहून गेले’, ‘झाले नाही’, ‘करण्यात येईल’ अशा रचनांत कर्ता अदृश्य होतो. अहवालात कर्ता शक्यतो पदनामाने यावा. तसेच पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले यांतील भेद ‘आढळले’, ‘यांनी सांगितले’, ‘असे दिसते’ या शब्दयोजनेतून स्पष्ट करावा.

५. अहवालाची मांडणी

घटनेची तारीख, वेळ व स्थळ, घटनाक्रम, दुखापत व हानी, तत्काळ केलेली उपाययोजना, आढळलेली कारणे, शिफारशी, आणि शेवटी स्वाक्षरी व दिनांक, असा क्रम सोयीचा असतो. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत लिहावी. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ ही शिफारस नव्हे. कारण ती पाळली गेली की नाही हे कोणालाही तपासता येत नाही.

६. अहवालानंतर

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी तेथे पाहणी करून सुरक्षेतील अनेक त्रुटी लेखी नोंदवल्या. तरीही २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री त्याच कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट वायू पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अहवाल लिहिला गेला म्हणजे धोका टळला असे नाही, हे या घटनेने दाखवून दिले. म्हणून शिफारशींचा ठरावीक मुदतीने आढावा घेणे हा अन्वेषणाचाच अखेरचा टप्पा मानावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘निरीक्षण’ आणि ‘निवाडा’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘जिन्यातील दिवा बदलायचा राहून गेल्याने शिपाई पडला’ हे वाक्य कर्ता स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा.
३. आपल्या कामाच्या ठिकाणी थोडक्यात टळलेल्या एखाद्या अपघाताचा अहवाल वरील मांडणीनुसार तयार करा.