छतावर ऊन, तरी पंखा बंद!

एप्रिलमधली भर दुपार. आमच्या एका शिक्षक मित्राकडे आम्ही गेलो होतो. गच्चीवर ३ किलोवॉटची नवी कोरी सौर पॅनेल उन्हात चमकत होती. खाली खोलीत अंथरुणाला खिळलेली त्यांची आई घामाने भिजली होती, आणि सर वर्तमानपत्राने तिला वारा घालत बसले होते. भागातली वीज गेली होती. "एवढं ऊन, एवढी पॅनेल, आणि साधा पंखा फिरत नाही! मला फसवलं की काय?" सरांनी विचारले.

फसवले कोणीच नव्हते. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला होता. सौर वीज आपल्याला कशासाठी हवी आहे? बिल कमी करण्यासाठी, की वीज गेल्यावर घर चालू ठेवण्यासाठी? ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची साधनेही वेगळी आहेत.

पंखा का थांबला?

सिलिकॉनचा एक सौरघट उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट विभवांतर देतो. असे अनेक घट एकसर जोडून पॅनेल तयार होते. त्यातून मिळते दिष्ट धारा. घरातली उपकरणे मात्र २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर चालतात. ती धारा सेकंदाला ५० आवर्तने करते. हा बदल इन्व्हर्टर करतो.

सरांकडचा इन्व्हर्टर 'ऑन-ग्रिड' प्रकारचा होता. तो बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालावर आपला ताल जुळवतो, आणि घरात वापरून उरलेली वीज बाहेरच्या तारांत सोडतो. बाहेरची वीज गेली की त्याने बंदच पडावे, अशी त्याची रचना असते. असे का बरे? समजा, दुरुस्तीसाठी वायरमन खांबावर चढला आहे. वीज बंद आहे असे त्याला वाटते, आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज चाललीच आहे! शिवाय ती रोहित्रातून उलटी गेली, तर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढेल. म्हणजे सरांचा पंखा थांबला तो कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून.

झरा, हौद आणि तोटी

विहिरीचा झरा, पाण्याचा हौद आणि हौदाची तोटी डोळ्यांसमोर आणा. पॅनेल म्हणजे झरा, बॅटरी म्हणजे हौद आणि इन्व्हर्टर म्हणजे तोटी. झरा मोठा असला तरी हौद नसेल तर रात्री पाणी मिळणार नाही. हौद भरलेला असूनही तोटी बारीक असेल, तर धार बारीकच येईल. म्हणून तिन्हींचा हिशोब वेगवेगळा करायला हवा.

आधी झरा. विजेच्या बिलावर महिन्याचे युनिट लिहिलेले असतात. समजा, ते २४० आहेत. म्हणजे रोजचे ८ युनिट. महाराष्ट्रात १ किलोवॉटच्या पॅनेलपासून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट मिळतात. तेव्हा २ किलोवॉट पुरे. त्यासाठी साधारण २०० चौरस फूट मोकळी जागा लागेल. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते, पण वीज कंपनीशी देवाणघेवाण असल्याने उन्हाळ्यातली शिल्लक उपयोगी पडते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. हे अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर आहे, बॅटरीच्या आकारावर नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता हौद. वीज गेल्यावर काय चालू राहायलाच हवे, याची यादी करू. ९ वॉटचे ३ दिवे म्हणजे २७ वॉट, ७५ वॉटचे २ पंखे म्हणजे १५० वॉट, आणि इंटरनेटच्या यंत्राचे १० वॉट. एकूण १८७ वॉट. चार तासांना सुमारे ७५० वॉट-तास लागतील, म्हणजे पाऊण युनिट.

नेहमीची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी १८०० वॉट-तास साठवते. पण ती रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर निकामी होते. म्हणून निम्मेच, म्हणजे ९०० धरू. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वाया जातील. उरले ७६५. चार तास निघाले! लिथियम बॅटरी महाग असते, पण तिच्यातली ८० ते ९० टक्के साठवण वापरता येते आणि ती टिकतेही जास्त.

याच यादीत ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे घालून पाहा. एकूण होतात ९७ वॉट. तीच बॅटरी जवळजवळ ८ तास चालते. म्हणजे हौद मोठा करण्याआधी गळती थांबवावी!

शेवटी तोटी. गिझर पाव तासात अर्धाच युनिट घेतो, पण एका वेळी २००० वॉट ओढतो. घरगुती लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही. गिझर, इस्त्री यांना यादीबाहेरच ठेवावे.

बसवताना

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल आपल्या गावाच्या अक्षांशाइतका असावा. पुण्याला सुमारे साडेअठरा अंश, तर नागपूरला एकवीस. पॅनेल तापले की उत्पादन घटते, २५ अंशांपुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के. म्हणून पत्र्यावर बसवताना खाली हवा खेळायला जागा सोडावी. सावली तर टाळावीच. घट एकसर जोडलेले असल्याने एकावर सावली पडली की साऱ्या साखळीची धारा अडते. खेळण्यातले छोटे सौर पॅनेल मल्टिमीटरला जोडून त्यातला एकच घट अंगठ्याने झाका. धारा किती खाली येते, ते मुलांनाच वाचू द्या.

आमच्या मित्राने काय केले? आणखी पॅनेल घेतली नाहीत. एक साधा इन्व्हर्टर, १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी आणि आईच्या खोलीत कमी विजेचा पंखा, एवढ्यावर काम भागले. पहिल्यापासूनच दोन्ही गोष्टी हव्या असत्या, तर बॅटरी जोडता येणारा 'हायब्रिड' इन्व्हर्टर त्यांनी विचारात घेतला असता.

आपल्या वर्गात हा प्रयोग जरूर करा. मुलांना आठवडाभर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता घरच्या मीटरवरचे आकडे लिहायला सांगा. दिवसा किती वीज लागते आणि रात्री किती, हे त्यांचे त्यांनाच कळेल. मग घरी सौर वीज घ्यायची वेळ आली, की दुकानदाराने आकडा सांगण्याआधी मुलांची वही पुढे येईल.