दोन पेये, एक यंत्र आणि पंधरा अँपिअर

गेल्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीत कन्येकडे चार महिने मुक्कामास होतो. तिला पाचवा महिना लागला होता. घरात कॉफीचे यंत्र एकच, त्याचा जगही एकच. जावईबापूंना सकाळी कडक काळी कॉफी लागे, आणि ती थर्मास भरून कार्यालयातही न्यावयाची असे. कन्येसाठी मात्र कॅफीन काढलेली कॉफी. म्हणजे आधी एक आधण, मग जग विसळून दुसरे. एका सोमवारी धांदलीत जग विसळला गेला की नाही याचा कोणासच पत्ता नव्हता. आपलीच कॉफी समजून कन्येने दोन मग घेतले, आणि तासाभराने छातीत धडधडू लागल्यावर घोटाळा ध्यानात आला.

आता हिशेब पाहा. साध्या कॉफीच्या २४० मिलिलिटरांत सुमारे ९५ मिलिग्रॅम कॅफीन असते. तेथील मग ३५० मिलिलिटरांचा, म्हणजे दोन मगांत २८० मिलिग्रॅमच्या आसपास. गर्भवतीने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. डॉक्टरांनी फोनवर धीर दिला. पुढे काही बिघडलेही नाही. परंतु तो सारा दिवस कन्या पोटावर हात ठेवून बसून होती. सायंकाळी ती मला म्हणाली, “बाबा, जन्मभर लोकांचे कर्जप्रस्ताव तपासलेत ना? आता एकाच वेळी दोन प्रकारची कॉफी देणारे यंत्र तपासून द्या.”

कामाला लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, ‘दुहेरी’ या एका शब्दाखाली निरनिराळे जिन्नस विकले जातात. एस्प्रेसोची यंत्रे मी लगेच बाजूस सारली. त्यांतील दुहेरीपणा म्हणजे एकीकडे कॉफी उतरत असताना दुसरीकडे वाफेने दूध फेसाळणे. कॉफीला पाणी ९३ अंशांच्या आसपास हवे आणि वाफेला शंभराच्या बऱ्याच वर, म्हणून त्यासाठी दोन बॉयलर घालतात व किंमतही त्या मानाने लावतात. आमच्या घरी दूध घालून कॉफी पिणारा मी एकटाच, आणि मी पाहुणा!

उरली ती डावीकडे बारा कपांचा जग आणि उजवीकडे एका मगापुरती पॉडची सोय असलेली यंत्रे. हे ‘बारा कप’ प्रकरणही फसवे आहे. यंत्रावरचा कप बहुधा पाच औंसांचा, म्हणजे जेमतेम १५० मिलिलिटरांचा असतो. बारा कपांचे होतात १.८ लिटर. मोठ्या मगाने मोजाल तर पाच मग.

दुकानातील विक्रेत्याने अशा एका यंत्राची मनापासून शिफारस केली. खोक्यावर दोन्ही बाजूंनी वाफाळणारे चित्र होते. बँकेतील सवयीप्रमाणे मी चित्र सोडून माहितीपुस्तिकेतील बारीक अक्षरे वाचली. तेथे स्पष्ट लिहिले होते की, एका वेळी एकच बाजू चालवावी. आता हे लबाडीचे म्हणावे काय? तसे मला वाटत नाही. कारण त्यामागे विजेचे गणित आहे.

अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आणि साध्या प्लगची मर्यादा १५ अँपिअर. गुणाकार १८०० वॅट. सुरक्षिततेसाठी स्वयंपाकघरातील उपकरणे साधारण १५०० वॅटच्या आतच ठेवतात. १.८ लिटर पाणी २० अंशांवरून ९३ अंशांवर न्यावयास सुमारे ५५० किलोज्यूल उष्णता लागते; १५०० वॅटवर सहा मिनिटे. एका मगाच्या ३५० मिलिलिटरांना जेमतेम सव्वा मिनिट. दोन्ही बाजू एकदम चालवल्या, तरी तेच १५०० वॅट दोघींत वाटले जाणार. एकूण सव्वासात मिनिटे ती सव्वासातच. एकाच ठेवीवर दोन कर्जे दिल्याने ठेव वाढत नाही, तशातलाच हा प्रकार. म्हणून ‘एकदम’ या शब्दासाठी ज्यादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसेना.

मग मी कन्येलाच विचारले, की तुला दोन्ही कॉफी एकाच वेळी उकळावयास हव्यात, की दोघांना एकाच वेळी टेबलावर बसून प्यावयास हव्यात? उत्तर अर्थातच दुसरे होते. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे घोटाळा पुन्हा होता कामा नये. येथे कसोट्या बदलल्या. पाण्याच्या टाक्या दोन हव्यात, कॉफीची पूड ठेवण्याच्या जागा दोन आणि कॉफी बाहेर पडण्याच्या वाटाही दोन. कॅफीन काढलेल्या कॉफीतही २४० मिलिलिटरांस २ ते १५ मिलिग्रॅम कॅफीन उरतेच; त्यात दुसऱ्या बाजूची भर नको. जगाच्या बाजूस टायमर हवा, म्हणजे रात्री पूड आणि पाणी भरून ठेवले की पहाटे कॉफी आपोआप तयार होते आणि सकाळी सारी वीज उजव्या बाजूस मोकळी राहते. जग काचेचा नको, थर्मासासारखा हवा. तापत्या पट्टीवर अर्धा तास राहिलेली कॉफी कडवट होते.

दोन स्वस्त स्वतंत्र यंत्रे घ्यावीत, हा माझा खरा कल होता. एक बिघडले तरी दुसरे चालते, आणि निरनिराळ्या सर्किटवर लावल्यास काम खरोखर एकदम होते. कन्येने हा प्रस्ताव ओट्याकडे बोट दाखवून नामंजूर केला. बाटल्या उकळण्याचे भांडे तेथे यावयाचे होते. तेथील ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत अंतर साधारण अठरा इंच असते. म्हणून झाकण उघडल्यावरची उंचीही टेपने मोजून घेतली. हे मोजमाप पुष्कळजण विसरतात, आणि मग पाणी भरण्यासाठी रोज यंत्र पुढे ओढत बसतात.

पॉडचा खर्च किलोच्या दराने पाहिला, तर सुट्या पुडीच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो. म्हणून पूड भरून पुनःपुन्हा वापरता येईल अशी जाळीची डबी ज्यात बसते, तेच यंत्र घेतले. ते भारतात आणण्याचा मोह मात्र धरू नये. आपल्या २३० व्होल्टवर ते जळून जाईल.

उजव्या बाजूच्या टाकीवर कन्येने लाल चिकटपट्टी लावली. त्या बाजूस कोणी हात लावावयाचा नाही, असा दंडक झाला. पहाटे सहाला डावी बाजू आपसूक गुरगुरू लागे. साडेसहाला कन्या खाली येऊन उजवीचे बटण दाबी. तिचा मग भरेपर्यंत जावईबापू थर्मासाचे झाकण लावत, आणि मग दोघेही दहा मिनिटे खिडकीशी बसत.

आमच्या सौ.नी एकदा उजवीकडून नुसते गरम पाणी घेऊन चहा करून पाहिला. त्याला कॉफीचा वास आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगलीहून नेलेले पातेले पुन्हा शेगडीवर चढवले.