अंटार्क्टिकावरील स्थलनामे

अंटार्क्टिका खंडावरील पर्वत, हिमनद्या, सरोवरे, भूशिरे इत्यादींना समन्वेषक व संशोधक यांनी दिलेली नावे. इतर खंडांवरील स्थलनामे बहुधा तेथील रहिवाशांच्या बोलींतून आलेली असतात. अंटार्क्टिकावर मूळची मानवी वस्ती नसल्याने तेथील प्रत्येक नाव कोणीतरी हेतुपूर्वक दिलेले आहे. त्यामुळे नाव कोणी द्यावे, हा प्रश्न तेथे भूगोलाइतकाच राजकारणाचाही ठरला.

प्रारंभीची नावे राजघराणी, आश्रयदाते, जहाजे व आप्त यांच्यावरून पडली. ब्रिटिश समन्वेषक जेम्स क्लार्क रॉस याने १८४१ मध्ये दोन पर्वतांना एरेबस व टेरर ही आपल्या जहाजांची नावे दिली. फ्रेंच समन्वेषक द्यूमाँ द्यूर्व्हील याने १८४० मध्ये पाहिलेल्या किनारी प्रदेशाला पत्नीच्या नावावरून अदेली लँड म्हटले. पुढे सात देशांनी खंडाच्या निरनिराळ्या भागांवर हक्क सांगितले आणि नामकरण हे त्या हक्काचे एक साधन बनले. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलेल्या द्वीपकल्पाला ब्रिटिश नकाशांत ग्रॅहॅम लँड, अमेरिकन नकाशांत पामर द्वीपकल्प, तर चिली व अर्जेंटिना यांच्या नकाशांत अनुक्रमे ओ’हिगिन्स व सान मार्तीन यांची नावे होती. १९६४ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन नामसमित्यांनी ‘अंटार्क्टिक द्वीपकल्प’ हे सामाईक नाव स्वीकारले.

अंटार्क्टिक कराराने (१९५९, अंमल १९६१ पासून) प्रादेशिक हक्कांचा वाद स्थगित केला, तथापि नामकरणाचा अधिकार कोणत्याही एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे नाही. प्रत्येक देश आपल्या नियमांनुसार नावे ठरवितो. उदा., अमेरिकन नियमांत व्यापारी मालाची व पाळीव प्राण्यांची नावे वर्ज्य आहेत. एका स्थळाला अनेक नावे किंवा अनेक स्थळांना एकच नाव असल्यास विमानोड्डाण, नौकानयन व बचावकार्य यांत घोटाळा संभवतो. म्हणून अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीने १९९२ पासून सर्व देशांच्या नावांची एकत्रित सूची करण्याचे काम हाती घेतले. ‘एका स्थळास एकच नाव’ या तत्त्वाचा ती पुरस्कार करते. परंतु सूचीतील नोंद म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यता नव्हे.

भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३–८४ मध्ये हिमफळीवर उभारलेल्या पहिल्या भारतीय केंद्रास ‘दक्षिण गंगोत्री’ हे नाव देण्यात आले. ते केंद्र पुढे बर्फाखाली गेले. परंतु शिर्माखर टेकड्यांतील एका हिमनदीस दिलेले तेच नाव प्रचारात राहिले. या टेकड्यांतील ‘मैत्री’ केंद्राच्या (१९८९) परिसरात नामकरणाचे अनेक थर दिसतात. प्रदेशाला (क्वीन मॉड लँड) नॉर्वेच्या राणीचे, टेकड्यांना १९३८–३९ च्या जर्मन मोहिमेतील वैमानिकाचे आणि केंद्राला पाणी पुरविणाऱ्या सरोवराला ‘प्रियदर्शिनी’ हे भारतीय नाव आहे. याच सरोवराला झुब असेही म्हणतात. भारताने क्वीन मॉड लँडवर हक्क सांगितलेला नाही. त्यामुळे त्याने दिलेली नावे वास्तव्य व संशोधन यांचीच निदर्शक होत.

भारतीयांच्या सन्मानार्थ इतर देशांनीही नावे दिली आहेत. १९६०–६१ मध्ये दक्षिण ध्रुवावर संशोधन करणारे जीववैज्ञानिक गिरिराज सिंह सिरोही यांच्यावरून सिरोही पॉइंट, तर १९७१–७२ मध्ये सील, देवमासे व पक्षी यांच्या गणनेत सहभागी झालेले अखौरी सिन्हा यांच्यावरून मौंट सिन्हा ही नावे अमेरिकन समितीने ठेवली.

नाव रूढ होते ते नित्य वापराने. दक्षिण गंगोत्री येथे १९८४ मध्ये गोवा टपाल विभागाच्या अखत्यारीत डाकघर उघडले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘भारती’ केंद्रातही एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्र टपाल परिमंडलाने एमएच–१७१८ या प्रायोगिक पिनकोडसह डाकघर सुरू केले. समन्वेषकाने दिलेले नाव नकाशावर नोंदले जाते. पत्त्यावर लिहिले जाऊ लागले, की ते खऱ्या अर्थाने स्थलनाम होते.