दोह्यातील गोलशून्य

यंदा स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय नको, छंदाविषयी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा माझ्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. गोव्यात राहून फुटबॉलचे वेड नसणे म्हणजे समुद्राकाठी राहून मासळी न खाणे. जमते, पण लोक चौकशी करतात. मात्र मी ज्या सामन्याविषयी लिहिणार होतो त्यात एकही गोल झाला नाही, हे ऐकून आमच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी विचारले, "मग डॉक्टर, लिहिणार तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

सामना होता १० सप्टेंबर २०१९ चा, भारत विरुद्ध कतार. २०२२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी, स्थळ दोह्याचे जासिम बिन हमद स्टेडियम. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अबुधाबीत जपानला ३-१ असे नमवून कतारने आशियाई चषक जिंकला होता. त्या संपूर्ण स्पर्धेत त्यांनी १९ गोल केले आणि केवळ एक स्वीकारला. पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानवर सहा गोल चढवून ते आमच्या भेटीस सज्ज होते. आपण जागतिक क्रमवारीत शंभराच्या पलीकडे. त्यातच सुनील छेत्री तापाने आजारी पडलेला. (येथे बालरोगतज्ज्ञाला राहवत नाही म्हणून सांगतो: अंगात विषाणूजन्य ताप असताना जोराचा व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. स्पर्धेच्या सकाळी "डॉक्टर, फक्त ताप उतरायची गोळी द्या, आज फायनल आहे," म्हणणाऱ्या पालकांना मी यापुढे छेत्रीचे उदाहरण देणार आहे.) एकंदरीत, किती गोलांनी हरायचे एवढाच प्रश्न शिल्लक दिसत होता.

पण भारतीय चाहत्याच्या मनातली खरी धास्ती वेगळीच होती. ती घड्याळाच्या शेवटच्या दहा मिनिटांविषयी होती. त्याच जानेवारीत आशियाई चषकात, शारजा येथे, बहरीनशी गोलशून्य बरोबरी साधली असती तर आपण बाद फेरीत गेलो असतो. नव्वद मिनिटे ते शून्य आपण जिवापाड सांभाळले आणि भरपाई वेळेत पेनल्टी देऊन ते गमावले. दोह्याच्या पाचच दिवस आधी, ५ सप्टेंबरला, गुवाहाटीत ओमानविरुद्ध छेत्रीच्या गोलने मिळालेली आघाडी ८२ व्या मिनिटापर्यंत टिकली आणि सामना आपण १-२ असा हरलो. रोगी रात्रभर स्थिर राहावा आणि पहाटे कोसळावा, तसे हे दुखणे होते. वॉर्डात रात्री काढलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी त्या रात्री कर्णधारपद दिले गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याला. समोर बचावात संदेश झिंगन आणि आमचा गोव्याचा आदिल खान, उजवीकडे मुंबईचा राहुल भेके, डावीकडे मंदार राव देसाई. मध्यफळीत रोलिन बोर्जिस. म्हणजे अकरांत तीन गोमंतकीय आणि एक मुंबईकर! मंदार मूळचा बगलेवरून आक्रमण करणारा खेळाडू. एफसी गोवाकडे असताना तो मागे येऊन डावा बचावपटू झाला. धावून जायची सवय असलेल्या माणसाने जागा धरून राहणे किती कठीण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

पहिली शिट्टी झाली आणि चेंडू जो आपल्या अर्ध्यात आला तो तिथेच वस्तीला राहिला. सामन्यानंतरच्या नोंदींनुसार कतारने २७ फटके मारले आणि त्यांतील ११ गुरप्रीतने अडवले. उरलेल्यांपैकी कित्येक झिंगन-आदिल यांच्या पोटऱ्यांवर, छातीवर, कपाळावर आदळून परतले. आकड्यांतून हे एकतर्फी वाटते, पण ती निव्वळ शरणागती नव्हती. चेंडू पायात आला की अनिरुद्ध थापा आणि सहल अब्दुल समद तो भिरकावून न देता खेळवू पाहत होते. उत्तरार्धात उदांता सिंगने वळवून मारलेला फटका गोलखांबाला लागून परतला, तेव्हा आमच्या घरात इतकी मोठी आरोळी उठली की शेजारच्यांनी दिवा लावला.

आणि मग आलीच ती शेवटची दहा मिनिटे. कॉर्नरमागून कॉर्नर. मी त्या वेळी खुर्चीत बसलेलो नव्हतो, एवढेच नमूद करतो. गुरप्रीत प्रत्येक चेंडू पोटाशी घेऊन जमिनीवर क्षणभर पडून राही. त्या पडण्यातही हिशेब होता. कतारच्या प्रेक्षकांना ते रुचत नव्हते, पण स्टेडियममध्ये आपली माणसेही भरपूर होती. दोह्यात पोटापाण्यासाठी गेलेली. त्यांचा आवाज दूरचित्रवाणीवर शेवटी शेवटी अधिक मोठा ऐकू येऊ लागला. अंतिम शिट्टी झाली तेव्हा फलकावर सामन्याच्या आरंभी होते तेच होते.

गोलरक्षकाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. भातकापणीनंतर आमच्याकडील शेतांत मुलांचे सामने सुरू होतात. तेथे गोलात कोण उभा राहतो? जो लठ्ठ, जो लहान, ज्याला दम लागतो, किंवा ज्याचा चेंडू नाही तो. दम्याचा पंप खिशात ठेवून गोलात उभी राहणारी मुले माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी अनेक पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने ती जागा म्हणजे शिक्षा. वास्तविक गोव्याला गोलरक्षकाचा मान नवा नाही. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या शालेय वयात, १९८३ मध्ये, अंतिम लढतीचा निकाल न लागल्याने गोव्याने संतोष करंडक बंगालबरोबर विभागून घेतला, तेव्हा त्या अर्ध्या करंडकाचा आनंद पूर्ण होता. तरीही मुलांना व्हायचे असते गोल मारणाराच. दोह्याच्या सामन्यानंतरच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या एका नऊ वर्षांच्या दमेकऱ्याने मला विचारले, "डॉक्टर, गोलकीपरपण कॅप्टन होऊ शकतो?" मी म्हटले, "परवाच झाला ना!" त्याने लगेच आईकडे पाहिले. हातमोजे हवे होते.

माझा या शून्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन व्यवसायामुळे थोडा वाकडा झाला असेल. शस्त्रक्रिया करणाऱ्यांजवळ दाखवायला काढलेला खडा असतो, जोडलेले हाड असते. आम्हा बालरोगतज्ज्ञांची निम्मी मिळकत न घडलेल्या गोष्टींची. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. बूथवर थंडीत थर्मास घेऊन बसलेल्या कुणाही परिचारिकेला विचारा, ते शून्य काही आपोआप आले नव्हते.

अर्थात, शून्याचा सरसकट गौरव करावा असेही नाही. त्या पात्रता फेरीत पुढे कोलकात्यात बांगलादेशने आपल्याला १-१ असे रोखले, तेही आदिलने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली म्हणून. त्याआधी सरावसामन्यात झिंगनच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. जून २०२१ मध्ये दोह्यात पुन्हा कतारशी गाठ पडली. भेके सतराव्या मिनिटालाच बाहेर, दहा जणांनी झुंज देऊन ०-१ असा पराभव. विश्वचषक दूरच राहिला. आणि ६ जून २०२४ रोजी, छेत्रीच्या निरोपाचा म्हणून गाजलेला कुवेतविरुद्धचा सामना कोलकात्यात असाच ०-० सुटला, तेव्हा ते शून्य मला अजिबात गोड लागले नाही. तेथे विजय हवा होता आणि आपल्याला गोल करता आला नाही. फलकावरचा आकडा तोच, रोग अगदी वेगळा.

२०१९ ते २०२१ च्या त्या फेरीत कतारने आपल्या गटात आठ सामने खेळले. सात जिंकले. गुण गमावले ते केवळ भारतासमोर.

कुवेतच्या सामन्यानंतर पाचच दिवसांनी, ११ जूनला, त्याच जासिम बिन हमद स्टेडियमवर लालियानझुआला छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतने अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला आणि कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला. पंचांनी गोल दिला. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय त्या सामन्यात नव्हती. पुढे कतारने दुसराही गोल केला आणि आपण १-२ हरलो. पहिल्या गोलची ती क्षणचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. चेंडू बाहेर गेला आहे असे समजून गुरप्रीत जमिनीवरच थांबला होता, आणि चेंडू खरोखरच बाहेर गेलेला होता.