मंडळीचं लेकरू

खान्देशातल्या दोंडाईच्यात, एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत गेल्या हिवाळ्यात मी एका तान्ह्या मुलीचा समर्पणविधी पाहिला. बाजारात लाल मिरचीची आवक जोरात होती. दार उघडलं की वाऱ्याबरोबर खकाणा आत यायचा आणि पुढच्या सतरंजीवरची मुलं एकामागून एक शिंकायची. आई-वडील बाळाला घेऊन पुढे आले. पाळकसाहेबांनी आधी त्यांना विचारलं, या लेकराला देवाच्या भयात आणि प्रेमात वाढवाल ना? दोघं 'होय' म्हणाले. मग ते आमच्याकडे वळले. हिला वाढवायला तुम्ही या घराला हातभार लावाल का? सगळे उभे राहिले आणि एका सुरात 'होय' म्हणाले.

त्यानंतर मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठल्या. त्यांच्या हातात जुन्या लुगड्यांचं दुपटं होतं. कापडाचे तीन थर, त्यावर लाल दोऱ्याचे बारीक सरळ टाके, कडेला हिरवी पट्टी. या मंडळीत समर्पण होणाऱ्या प्रत्येक बाळाला त्या असं एक दुपटं शिवून देतात. बाळाच्या अंगावर ते घालून त्या आईला अहिराणीत म्हणाल्या, "हाई पोर आते आमनी बी शे." ही पोर आता आमचीही आहे.

उभं राहून म्हटलेला तो 'होय' आणि ते वाक्य घेऊन मी घरी आले. ख्रिस्ती मंडळीतला बाळाचा सोहळा म्हणजे दोन कबुल्या असतात. एक आई-बापांची, दुसरी साऱ्या मंडळीची. पहिलीची आठवण घरचे ठेवतात. दुसरीची कोण ठेवतं? या प्रश्नापायी खान्देशातल्या आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांचे सोहळे मी पुन्हा एकदा नीट पाहिले.

नातीगोती तुटली तेव्हा

खान्देश १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी काम करत होते. पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. मूळच्या स्वीडनच्या फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० साली शिकागोत ते मिशन सुरू केलं होतं. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातली 'एस. ए.' ही अक्षरं त्याचीच खूण आहेत.

या मंडळ्यांत भिल्ल, मावची, कोकणी घरं आली. रेल्वेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारी शहरातली घरंही आली. घरात कुणाची अहिराणी, कुणाची भिली, कुणाची मावची, आणि उपासना मात्र छापील मराठीत. आजही प्रार्थना प्रमाण मराठीत सुरू होते आणि मन भरून आलं की बोलणारा नकळत आपल्या बोलीत उतरतो.

धर्म बदलला की पहिला घाव नात्यागोत्यांवर बसायचा. बारशाला आत्या लागते; बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. पण आत्यानं घरी येणंच सोडलं असेल तर? माझ्या आजीच्या गोष्टींत अशा वेळी मंडळीतली एखादी वडीलधारी बाई 'आत्या' म्हणून उभी राहायची. मामा नसला तर पाळक मामा व्हायचे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू शेजारच्या ख्रिस्ती घरून यायचे. मंडळीला 'कुटुंब' म्हणायची रीत ग्रंथातून आली असेल, पण आमच्याकडे ती गरजेतून रुजली. रक्ताची नाती दुरावली तिथे मानलेली नाती कामाला आली.

समर्पण, बाप्तिस्मा, स्नानसंस्कार

बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळ्या ख्रिस्ती घरांत बाळाचा एकच विधी असतो. तसं नाही. अलायन्स परंपरेच्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केल्यावर आणि पाण्यात पूर्ण बुडवून होतो. म्हणून बाळासाठी असतं ते समर्पण. प्रार्थना होते, डोक्यावर हात ठेवला जातो, आशीर्वाद दिला जातो. पुढचा निर्णय त्या बाळानं मोठं झाल्यावर स्वतः घ्यायचा.

कॅथलिक घरांत, वसईत आणि गोव्यात, बाळाचा स्नानसंस्कार होतो. त्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहतात. शाळकरी वयात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा सोहळा होतो आणि पुढे दृढीकरण. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्या सहांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे होते आणि न देणारेही. म्हणून तिथे दोन्ही रीतींना जागा ठेवली गेली.

रीती वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मागची गोष्ट तीच आहे. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ चाळीस दिवसांच्या येशूला मंदिरात नेतात. अर्पण म्हणून त्यांना कोकरू परवडत नाही, म्हणून ते पक्ष्यांची जोडी देण्याची गरिबांची सवलत घेतात. तिथे म्हातारा शिमोन पुढे येतो आणि बाळाला हातांत घेतो. तो ना आजोबा, ना नातेवाईक. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य मुलांना अडवतात तेव्हा येशू त्यांच्यावर रागावतो आणि मुलांना कवेत घेतो. परक्याच्या लेकराला कुशीत घेणं या विधीच्या मुळाशीच आहे.

नाव, पाळणा आणि वरण-बट्टी

विधी झाला की घरचा सोहळा खान्देशी होतो. पाचवीला सटवाईची पूजा होत नाही, त्या संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवतात. पण पाळणा सजतो, बायका भोवती जमतात, आणि पाळणागीतात राम-कृष्णाच्या जागी बेथलेहेमचं बाळ येतं. चाल कित्येकदा जुनीच असते. नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. त्यांची गीतं 'उपासना संगीत'मधून आजही गायली जातात. त्यामुळे टाळ आणि ढोलकी आमच्या देवळात कधीच परकी वाटली नाही.

नावांत दोन्ही घरं दिसतात. एकाच घरात शमुवेल आणि संजय, रूथ आणि रेखा. करुणा, कृपा, आशा ही नावं दोन्हीकडची. जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात आणि पानात असते वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी. दोंडाईच्यातही हेच होतं. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांतली माणसं पंगतीला होती, आणि बट्ट्या भाजायला शेजारची दोन माणसं पहाटेपासून गोवऱ्यांच्या निखाऱ्याजवळ बसली होती.

वर्षाचं चक्र

मूल मोठं होतं तसा मंडळीचा वर्षाचा फेरा त्याला आत घेत जातो. रविवारी शब्बाथशाळा. उन्हाळ्यात सुट्टीतली बायबल शाळा, जिथे गाणी, चित्रं, पाठांतराची वचनं आणि शेवटच्या दिवशी खाऊ. पीक निघालं की हंगामाचा सण, ज्यात लोक ज्वारीची कणसं, बाजरी, मिरची, पपई, कोंबडी, अंडी वेदीसमोर आणून ठेवतात आणि मग लिलाव होतो. मी लहान असताना एका मुलानं आणलेलं एकच अंडं बोलीवर बोली चढत इतक्या किमतीला गेलं की तो रडायच्या बेताला आला. त्याच्या अंड्याची ती किंमत नव्हती. सगळ्यांना त्या मुलाला दाखवायचं होतं की तू दिलेलं मोठं आहे.

नाताळच्या नाटकात मुलंच मेंढपाळ होतात आणि मुलंच मागी होतात. डोक्याला आईचा टॉवेल, हातात ज्वारीच्या ताटाची काठी. नवापूरकडच्या गावांत मावची बोलीतली गाणी रात्र जागवतात. घरोघर कॅरल गात जाणाऱ्या पोरांना दोंडाईच्यासारख्या गावात बाजारपेठेतले व्यापारीही बिस्किटांचे पुडे देतात.

टिळकांच्या घरातला खान्देशी मुलगा

मंडळीनं परक्याचं मूल आपलं मानणं म्हणजे काय, याचा मराठीतला सर्वांत सुंदर दाखला खान्देशाशीच जोडलेला आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. तिथे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. रेव्हरंड टिळकांचा या मुलावर जीव जडला आणि पुढे ते त्याला अहमदनगरला आपल्या घरी घेऊन गेले.

त्या घराकडे नीट पाहायला हवं. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षं नातलगांकडे काढली. परत आल्यावरही त्यांचं सोवळं एकदम सुटलं नाही, ते हळूहळू गळून पडलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नातलगांनी दूर केलेल्या त्या बाईच्या घरात पुढे परक्यांची मुलं राहू लागली. ठोंबरे त्यांतला एक. त्याला धर्म बदलावा लागला नाही. तो रुसायचा, लक्ष्मीबाई त्याची समजूत काढायच्या. त्यांच्या आत्मचरित्रात, 'स्मृतिचित्रे'त, त्याच्याबद्दलची पानं एखाद्या आईनं लिहावीत तशी आहेत. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय होतं अवघं सत्तावीस.

त्याआधीच पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून उपाशी मुली आणि बाया केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. आजच्या अनेक ख्रिस्ती घरांच्या वंशावळी मागे नेल्या तर कुठेतरी एक दुष्काळातलं अनाथ मूल सापडतं. ज्यांना कुणी घेतलं नाही त्यांना घेण्यातून या घरांची सुरुवात झाली.

कायद्यानं मात्र 'पाल्य'

इथे एक वेदनादायक विसंगती आहे. अनाथ मुलांना जवळ करणाऱ्या या समाजाला भारतात कितीतरी दशकं मूल दत्तक घेता येत नव्हतं. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा ख्रिस्ती घरांना लागू नाही. त्यांच्यापुढे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा एवढाच रस्ता होता. त्यात तुम्ही आई-बाप होत नाही, पालक होता. मूल अठरा वर्षांचं झालं की ते पालकत्वही संपतं आणि वारसाहक्क आपोआप मिळत नाही. घरात 'आई' म्हणणारं मूल कागदावर पाल्यच राहायचं. २००० चा बालन्याय कायदा, त्यातली २००६ ची दुरुस्ती आणि मग २०१५ चा नवा कायदा यांमुळे कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्ण अर्थानं दत्तक घेता येऊ लागलं. मंडळीत याची माहिती अजून फार थोड्यांना आहे. रविवारच्या सूचनांमध्ये ती सांगायला दोन मिनिटं पुरतील.

हजेरीतलं खोडलेलं नाव

आता त्या दुसऱ्या 'होय'कडे येते. मी वीस-बावीस वर्षांची असताना आमच्या मंडळीत शब्बाथशाळा घ्यायची. वर्गात एक सात वर्षांचा मुलगा होता. आवाज गोड, पाठांतर चोख. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. तीन महिने हजेरीत फुल्या मांडून मी त्याच्या नावावर रेघ ओढली. उन्हाळ्यात तो परत आला, बाहेर पायरीवर बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, माझं नाव आता नाही ना.

त्याचं कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला गेलं होतं. धुळे-नंदुरबारमधली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. म्हणजे ज्या नाताळात मुलं मेंढपाळ होतात, त्या नाताळात या मुलांच्या बापाच्या हाती खरोखरीचा कोयता असतो आणि मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत धाकट्याला सांभाळत असतं. त्याच्या समर्पणाच्या दिवशीही सगळी मंडळी उभी राहिली असेल. मीही असेन. ती रेघ माझ्या हातची होती आणि मी ती अजून विसरलेले नाही.

त्या दुसऱ्या 'होय'ची आठवण कोण ठेवतं, हाच प्रश्न मला दोंडाईच्याच्या त्या मंडळीत विचारायचा होता. पाळकीणबाईंनी मला एक साधी वही दाखवली. त्यात समर्पण झालेल्या प्रत्येक मुलाचं एक पान. शाळा कोणती, लस दिली का, घर बाहेरगावी गेलं असेल तर कुठे, फोन कुणाकडे. बाहेर गेलेल्या मुलांच्या पानावर रेघ नव्हती. गावाचं नाव आणि परत येण्याचा महिना पेन्सिलीनं लिहिला होता. अशा मुलांचा नाताळ ते उन्हाळ्यात करतात, सुट्टीतल्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, चांदणी लावून, केक कापून. एप्रिलच्या उन्हात मेंढपाळांचं नाटक होतं.

बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीत एक बारीकसा तपशील आहे, तो आम्ही मुलांना सांगायचा राहून जातो. त्याच्या आईनं, हन्नानं, मुलगा मंदिरात अर्पण केला, पण विषय तिथे संपवला नाही. ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान अंगरखा शिवून नेई. मूल वाढतं, म्हणून दर वर्षी माप नव्यानं घ्यावं लागलं असेल. तिनं ते घेतलं.

निघताना दुपटं शिवणाऱ्या त्या बाई पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर नवं कापड होतं. हे कुणासाठी, मी विचारलं. मागच्या वर्षी समर्पण झालेला एक मुलगा आता चालू लागलाय, आई-बाप फडावर आहेत, ते परत येतील तेव्हा त्याला झबलं होईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी समोर खेळणाऱ्या तेवढ्याच वयाच्या एका पोराला हाक मारली, त्याला उभं केलं आणि खांद्यापासून वितीनं माप घेतलं.