पाय हलले की चेंडू सरकतो

गोल्फच्या रेंजवर कोण किती पाण्यात आहे हे कळायला त्याचा स्विंग पाहायची गरज नसते. तो चेंडूपाशी येतो कसा, तेवढं पाहिलं तरी पुरतं. हौशी खेळाडू आधी पाय रोवतो, मग क्लब चेंडूमागे टेकवतो आणि सगळ्यात शेवटी मान वर करून झेंडा शोधतो. झेंडा अपेक्षेपेक्षा डावीकडे दिसला की नुसते खांदे तिकडे वळवतो, पाय जिथल्या तिथे. क्लब अजून हललेलाही नसतो आणि फटका बिघडलेला असतो.

पुण्यातल्या एका रेंजवर रविवारी सकाळी मी हेच बघत बसतो. तिथले कोच पोरवयात कॅडी होते. शिकायला येणारे त्यांना सर म्हणतात, जुने कॅडी मात्र अजून भाऊच म्हणतात. मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहून आलेला माणूस त्यांना मनगटाच्या कोनाबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : ‘‘ते नंतर. आधी उभं राहून दाखवा.’’

परवा एक गृहस्थ आले होते. कॉलेजात क्रिकेट खेळलेले, खांदे अजून दणकट, हातात नवाकोरा ड्रायव्हर. त्यांचा प्रत्येक चेंडू डावीकडे निघायचा आणि मग उजवीकडे वळत वळत जाळीत जायचा. हा स्लाइस म्हणजे हौशी गोल्फचा जुनाट आजार. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या चेहऱ्याचा कल, बदलून पाहावा का, असं ते विचारत होते. सरांनी बॅगेतून दोन रंगीत काठ्या काढल्या. एक गृहस्थांच्या बुटांच्या टोकांना लावून ठेवली, दुसरी चेंडूपासून तिच्यापर्यंत, सुताराच्या गुण्यासारखा काटकोन करून. ‘‘आता मागं या आणि बघा.’’

पहिली काठी झेंड्याच्या बरीच उजवीकडे चालली होती. दुसरी काठी त्यांच्या डाव्या बुटाच्याही पुढे पडली होती. गृहस्थांना ते खरं वाटेना. यात त्यांचा दोष नाही. गोल्फमध्ये आपण रेषेच्या बाजूला उभे असतो आणि मान वाकडी करून लांबचं पाहतो, त्यामुळे सरळ काय ते डोळ्यांना कळत नाही. शरीराला मात्र कळतं. पाय उजवीकडे रोखलेले असले की खाली येणारा क्लब चेंडूला झेंड्याकडे ओढण्यासाठी बाहेरून आत येतो. त्यात चेंडू इतका पुढे ठेवला, की त्याच्यापर्यंत पोचायला खांदे आपोआप डावीकडे उघडतात. स्लाइस तयार व्हायला एवढं खूप झालं. यात लॉफ्टचा काय संबंध?

चेंडूच्या जागेचं गणित तसं सोपं आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचं वर्तुळ साधारण डाव्या खांद्याखाली सगळ्यात खाली येतं. आयर्नने मारताना चेंडू त्या बिंदूच्या अलीकडे हवा, म्हणजे क्लब उतरता उतरता आधी चेंडूला लागतो आणि गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हट, चेंडूच्या पुढे उडतो. ड्रायव्हरचं उलट. चेंडू टीवर असतो आणि क्लब वर चढू लागल्यावर तो लागावा अशी अपेक्षा असते, म्हणून तो पार डाव्या टाचेसमोर. वेज जवळजवळ मधोमध, सेव्हन आयर्न मध्यापासून थोडी पुढे. सर सेंटिमीटरमध्ये बोलत नाहीत. ‘‘एक बॉल मागं घ्या,’’ म्हणतात. चेंडूचा व्यास नियमाने 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नसतो, तेव्हा त्यांचं माप फुटपट्टीइतकंच पक्कं आहे.

सोप्या गणितात घोळ होतो तो पायांमुळे. आपण चेंडूची जागा पावलांवरून ठरवतो, आणि पावलं स्थिर नसतात. डावा पंजा जरा बाहेर वळवला, जो बहुतेकांनी वळवावाच, की बुटाचं टोक पुढे जातं आणि तोच चेंडू एकदम मागे गेल्यासारखा दिसतो. मग माणूस तो पुढे ढकलतो. टाच जागची हललेली नसते, म्हणून माप टाचेवरून घ्यायचं. उजवा पाय लांब टाकला तर मध्यबिंदूच सरकतो. चेंडू मातीत तसाच आणि खेळणारा वेगळ्याच जागी.

यावर सरांचा उपाय असा : दोन्ही पाय जुळवून चेंडू त्यांच्या मधोमध घ्यायचा. ड्रायव्हर असेल तर डावा पाय अगदी थोडा बाजूला आणि उजवा भरपूर. वेज असेल तर दोन्ही सारखे, थोडे थोडे. चेंडूला हात लावायचा नाही. गृहस्थांनी असं केलं आणि काठीकडे पाहून म्हणाले, ‘‘सर, हा फार मागे वाटतोय.’’ ‘‘वाटू द्या.’’

गोल्फपटू बेन होगनने 1957 च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात चेंडू नेहमी डाव्या टाचेच्या संदर्भात एकाच जागी ठेवून फक्त उजवा पाय आत-बाहेर करायला सांगितलं. इतर अनेक शिक्षक क्लबागणिक चेंडू हलवतात. यावरून क्लबहाउसात तावातावाने वाद होतात, पण मला तो वाद पोकळ वाटतो. उजवा पाय आत घेतला की मध्यापासून मोजलेली चेंडूची जागा आपसूक बदलतेच. हौशी माणसाने कुठलीही एक पद्धत धरावी. महिन्याला पद्धत बदलणाऱ्यांचं काही खरं नाही.

क्रिकेटमधून आलेल्यांची अडचण निराळी असते. तिथे चेंडू आपल्याकडे येतो आणि पाय त्याच्या मागे जातात, उभं राहण्यातली चूक शेवटच्या क्षणी सावरता येते. इथे चेंडू निवांत पडलेला. सावरायला निमित्तच नाही, म्हणून सावरासावर स्विंगमध्ये होते.

रेंजवरच्या मॅटचाही यात हात असतो. तिच्या कडेला समांतर उभं राहायची सवय लागते आणि मॅट कुठे रोखली आहे हे कुणी पाहत नाही. शिवाय क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी मॅटवरून घसरून चेंडूला लागतो, आवाजही बरा येतो. मैदानावर तोच फटका मातीत रुततो. काठ्याही रेंजपुरत्याच. 2019 पासूनच्या नियमांत स्टान्स घेताना दिशा दाखवायला जमिनीवर वस्तू ठेवता येत नाही आणि स्टान्स घ्यायला सुरुवात केल्यावर कॅडीला मुद्दाम मागे रेषेत थांबता येत नाही. जॅक निकलॉस चेंडूच्या पुढे काही फुटांवर एखादी खूण हेरून क्लबचा चेहरा आधी तिच्यावर रोखत असे आणि मग पाय लावत असे. वाळकं पानसुद्धा चालतं. दीडशे यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा तीन फुटांवरचं पान नेमकं दिसतं. क्लबचा चेहरा चार अंशांनी चुकला तर तेवढ्या अंतरावर दहा यार्डांचा फरक पडतो.

शेवटी सर गृहस्थांना सरावाच्या बंकरपाशी घेऊन गेले. वाळूत क्लबच्या दांड्याने आडवी रेघ मारली. चेंडू नाहीच. सेव्हन आयर्नसाठी जसं उभं राहायचं तसं, रेघ म्हणजेच चेंडू समजून. पाय जुळवले, थोडे थोडे बाजूला घेतले, गुडघे सैल, कमरेतून वाकून हात खांद्यांखाली लोंबते. सरांनी भोवती फेरी मारून सगळं तपासलं आणि मान हलवली. गृहस्थांनी क्लब फिरवला. वाळू उडाली आणि खूण उमटली ती रेघेच्या तीन बोटं मागे.

‘‘पाय बरोबर, रेघ बरोबर,’’ सर म्हणाले. ‘‘आता जी चूक आहे ती स्विंगची. चला, बोलू त्याबद्दल.’’