अणुभट्टीची राख

आजच्या पालघर जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ सालीं भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्या विजेचें कौतुक सर्वांनीं केलें. भट्टींतून निघणाऱ्या राखेची विचारपूस मात्र फारशी कोणीं केली नाहीं.

राख हा शब्दही सोयीपुरताच. चुलींतील राख निवते, तिनें भांडीं घांसतां येतात. ही राख कोणीं न फुंकतां वर्षानुवर्षें तापत राहते, आणि तिचे किरण डोळ्यांस दिसत नाहींत कीं नाकास कळत नाहींत. जाळून वा अम्लांत विरघळवून ती नष्ट होत नाहीं; कारण दोष परमाणूच्या गाभ्यांतच आहे, आणि तेथवर अग्नीचा हात पोंचत नाहीं. तिच्यावर उतारा एकच, तो म्हणजे काळ.

पण किती काळ? सीझियम व स्ट्रॉन्शियम यांचें तेज सुमारें ३० वर्षांनीं निम्में होतें, म्हणजे ३०० वर्षांत हजारांशावर येतें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, १६७४ सालीं, तीं पुरलीं असतीं तर आज त्यांची धास्ती पुष्कळ ओसरली असती. प्लुटोनियमास मात्र निम्में होण्यासच २४,००० वर्षें लागतात. तें वेगळें काढून पुनः इंधनास वापरावें हें आपल्याकडील धोरण मला शहाणपणाचें वाटतें. तरी कांहीं अंश मागें राहतोच.

उरलेला जहाल द्रव तारापुरास टांकणखाराच्या वितळलेल्या कांचेंत मिसळून पोलादी डब्यांत ओततात, आणि ते डबे कोठारांत वाहत्या हवेनें थंड ठेवतात. ही सोय कांहीं दशकांपुरती. पुढें ते खोल खडकांत पुरावयाचे. तशी जागा भारतांत अद्याप बांधलेली नाहीं. तेथें खरा शत्रु पाणी. पूर्वी आमच्या सोलापुराकडे ज्वारी पेंवांत सांठवीत, आणि ओल शिरली कीं दाणा कुजे. माढ्याच्या काळ्या पाषाणांत विहीर खणूं लागलें तरी सांध्यासांध्यांतून पाझर फुटतात. फिनलंडनें ओल्किलुओटो येथें ४०० मीटरांहून खोल भुयारें खोदलीं. डब्यांस तांब्याचें कवच, आणि भोंवतीं पाणी लागतांच फुगून वाट बुजविणारी माती अशी तेथील योजना आहे.

मजसारख्या संस्कृत शिकविणारास अडचण दिसते ती निराळीच. वर पाटी कोणत्या लिपींत लावावी? नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख सुमारें २,००० वर्षांचा. तेवढ्या अवधींत ब्राह्मी लिपि पंडितांसही वाचतां येईना. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपनें ती उलगडली. अक्षरें शाबूत होतीं, वाचणारा उरला नव्हता. २४,००० वर्षांनीं कोणी कुदळ घेऊन तेथें आला, तर ती खूण पाहून तो मागें फिरेल, कीं खालीं गुप्तधन आहे असें समजून अधिकच जोरानें खणील?